पाहुण्याला पाणी कुठलं देता?

उन्हात तापलेल्या हापशाच्या दांड्याला हात लावला की तळहाताला एक वास चिकटतो. लोखंडाचा, गंजाचा, थोडासा रक्ताचाही. तो साबणाने जात नाही; चिंचेने जातो, हे मला पेठकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावर कळले. आज माझ्या नाशिकच्या घरात पाण्याला कसलाच वास नाही. तरीही एखाद्या रणरणत्या दुपारी फाटकाची कडी उघडताना तो वास अचानक बोटांतून वर येतो आणि त्याच्यामागून तो सारा उतार माझ्या दारात येऊन उभा राहतो. तांबडी माती, वाळलेल्या सागाच्या पानांची चुरचुर, आणि दूर कुठेतरी कुणीतरी हापसत असल्याचा तो दोन सुरांचा आवाज: दांडा खाली जाताना कण्हणारा आणि वर येताना सुस्कारणारा.

आमचे काम नेमके काय होते, हे मला आयुष्यभर समजावून सांगावे लागले. सरकार किंवा एखादी संस्था खेड्यात नवी वस्तू नेते: हापसा, गोबरगॅस, धूर न करणारी चूल, उन्हावर भात शिजवणारी पेटी. वस्तू पोचते, फोटो निघतो, हार वाळतो. मग काही काळाने कुणीतरी घरोघर जाऊन विचारावे लागते की ही वस्तू तुम्ही वापरता का, आणि तिच्यावर तुम्ही खूश आहात का. ते विचारणारी मी. सत्तरचे दशक सरत असताना मी नाशिकमधल्या एका लहानशा संशोधन संस्थेत रुजू झाले आणि पुढचे दशक सरेपर्यंत हेच विचारत हिंडले. माझ्या सासूबाईंना मी पहिल्या पगाराच्या दिवशी हे सगळे सविस्तर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे दुसऱ्याच्या घरात जाऊन तुमची चूल कशी जळते ते विचारायचं. आम्ही हे जन्मभर फुकट केलं गं!"

मी शिकले होते कविता. एम. ए.ला माझा सारा जीव छंदांत आणि प्रतिमांत अडकलेला होता. मुलाखतीत संचालकांनी (त्यांना आम्ही सगळे सरच म्हणत असू) विचारले, "संख्याशास्त्र किती येतं?"

"येत नाही," मी म्हणाले. "पण एखादी ओळ मनातून आलेली आहे की जुळवलेली, ते मला ऐकून कळतं."

सर हसले. "मग तुम्ही पाहणीला जा. टक्केवारी काढणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत."

हे मी बढाई म्हणून सांगत नाही. निदान केवळ बढाई म्हणून नाही. कवितेने मला एक गोष्ट पक्की शिकवली होती. विशेषणावर विश्वास ठेवायचा नाही. 'सुंदर' म्हणणाऱ्याला फूल दिसलेलेच असते असे नाही. आणि आमच्या प्रश्नावलीचा सगळा डोलारा एका विशेषणावर उभा होता: समाधानी. अत्यंत समाधानी, समाधानी, असमाधानी. समोरच्या माणसाने एकावर बोट ठेवायचे आणि आम्ही तिथे खूण करायची.

बोट नेहमी पहिल्या दोहोंवरच पडे. सायखेड्याला गोदावरीच्या काठी एका बागाईतदाराच्या घरी गोबरगॅस पाहायला गेले होते. दादांनी स्वतः काडी ओढली. निळी ज्योत फुलली, तिचा तो हलका फुरफुर आवाज झाला, आणि दादा म्हणाले, "एक नंबर काम हे, ताई. लिहा, अत्यंत समाधानी." मी लिहिले. पण मागच्या पडवीतून भाकरीचा खरपूस वास येत होता, आणि त्या वासात बाभळीचा धूर होता. डोकावले तर त्यांच्या पत्नी तीन दगडांच्या चुलीपुढे बसलेल्या. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "त्यावर चहा करते ना मी! पाव्हणे आले की करते. भाकरी फुगवायला आर लागतो, लाल निखारा; त्या निळ्या जाळाला आर कुठून आणू?"

तेव्हापासून मी कुणाच्याही घरात शिरताना आधी नाक पुढे करीत असे. माझी सहकारी विमल गायकवाड याला 'बाईंचं पहिलं सदर' म्हणायची. विमल नाशिकरोडच्या कॉलनीत वाढलेली, बौद्ध कुटुंबातली, हजरजबाबी, आणि चालण्यात माझ्या दुप्पट. तिचे निरीक्षण वेगळ्या ठिकाणी असे. आम्ही एखाद्या गावात ओट्यावर बसलो की यजमान सहज विचारत, "ताई, आडनाव काय तुमचं?" ती सांगे. मग कधी कधी आत गेलेला तांब्या आतच राही, आणि बाहेर येई तो कपाटातला काचेचा ग्लास. विमल तो ग्लास उचलून उजेडात धरी आणि मला हळूच म्हणे, "लिहा बाई, अत्यंत समाधानी." कोण कुणाला कुठल्या भांड्यातून कुठले पाणी देतो, हे शास्त्र तिला माझ्याआधी येत होते. पुढे जे घडले त्यात याचा वाटा मोठा आहे.

पेठकडच्या त्या पाड्यावर आम्ही ऐन उन्हाळ्यात गेलो. दुष्काळानंतर गावोगाव बोअर खणून हापसे बसवण्याचे काम झपाट्याने झाले होते आणि या पाड्यालाही एक मिळाला होता. त्याआधी सगळी वस्ती पाणी प्यायची ती उतारावरच्या झिऱ्याचे. एका उंबराच्या मुळाशी कातळातून पाणी पाझरते, खालच्या खळग्यात साठते, बाया त्यात उतरून हंडा बुडवतात. पाणीपुरवठ्याच्या साहेबांना हा झिरा नको होता, आणि त्यांचे कारण खोटे नव्हते. खालच्या खोऱ्यात नारू निघाला होता. पाण्यात पाय बुडवून भरलेल्या पाण्यातूनच नारू पसरतो. पायातून दोऱ्यासारखा बाहेर येणारा तो जंत ज्याने पाहिला आहे, तो साहेबांना हसणार नाही. त्यांचा बेत साधा होता. हापशावर लोक समाधानी आहेत असा आमचा अहवाल आला, की झिरा दगडमुरमाने बुजवून टाकायचा. माणसे आणि मुरूम तालुक्याला तयार होते. थांबले होते फक्त आमच्या कागदासाठी.

त्या पाड्यावरची माणसे दरवर्षी द्राक्षांच्या कामाला पिंपळगाव बसवंतकडे उतरत, म्हणून आमच्याशी ती देशावरची मराठी बोलत. आपसांत त्यांची डोंगरातली बोली चाले, पाण्यासारखी झुळझुळणारी, मला निम्मीच कळणारी. आम्ही पहिल्यांदा गेलो ते जिवलीबाईकडे. ती पाड्यावरची जाणती बाई, काटक, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, आणि हसली की डोळे पूर्ण मिटणारे. तिची सून यशी दारात बसून नागली पाखडत होती. तिचे दिवस भरत आले होते, सूप पोटावर टेकवूनच तिचे काम चालले होते.

"बसा बाई. आंधी पानी," जिवलीबाई म्हणाली. तांब्या राखेने घासून लखलखीत केलेला. आम्हा दोघींना एकाच तांब्यातून, एकाच हाताने पाणी मिळाले. विमलने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे. ते पाणी गार होते आणि त्याला चव होती. भिजलेल्या दगडाची, उंबराच्या पानाची, थोडी सावलीची. सावलीला चव असते का, असे कुणी विचारील. त्या उन्हात होती.

मी प्रश्न वाचला. "हापशाच्या पाण्याबद्दल तुम्ही समाधानी आहात का?"

"हाव तं," जिवलीबाई म्हणाली. "लय ब्येस हाय हापसा."

"पाणी कसं आहे?"

"ग्वाड हाय."

यशीचे सूप क्षणभर थांबले आणि पुन्हा सुरू झाले. तो खंड मला ऐकू आला, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरीही तेच: लखलखीत तांब्या, गोड पाणी, हाव, ब्येस हाय. दुपार कलेपर्यंत सारी वस्ती आमच्या कागदांवर समाधानी झाली होती. विमल खुणा करता करता म्हणाली, "बाई, इतकं चांगलं पाणी मला आमच्या कॉलनीतही कुणी दिलं नाही."

परतीच्या वाटेवर हापसा लागला. पाय धुळीने माखले होते म्हणून मी दांडा मारला. तो कण्हला, सुस्कारला, आणि पाणी आले ते आधी तांबूस, मग स्वच्छ. पाय धुतले, तोंडावर मारले, आणि सहज ओंजळ तोंडाला लावली.

मी ते लगेच थुंकून टाकले. जुनी नाणी जिभेवर ठेवावीत तशी ती चव होती. त्या क्षणी विमल जे बोलली होती ते वाक्य माझ्या कानात पुन्हा वाजले. दिवसभर इतक्या घरी आम्ही पाणी प्यालो होतो, पण हे पाणी एकाही घरी प्यालो नव्हतो.

"विमल, परत चल," मी म्हणाले.

"जीप चुकेल बाई."

"चुकू दे."

जिवलीबाई आम्हाला पुन्हा दारात पाहून दचकली. काही विसरले का, म्हणून ती आधी जमिनीवर शोधू लागली. मी विचारले, "मावशी, सकाळी आम्हाला पाणी दिलंत ते कुठलं?"

"झिऱ्याचं."

"हापशाचं का नाही दिलंत?"

तिचा चेहरा पडला. "असं काय बोलतेस बाई! पाव्हन्याला हापशाचं पानी देऊ? आमी काय इतकी वंगाळ मानसं हाव का? त्या पान्यानं च्या काळा व्हतो, भात पिवळा पडतो. ते ढोरांना, नि धुन्याला."

"मग सकाळी गोड आहे म्हणालात!"

आता जिवलीबाईलाच माझी कीव आली असावी. लहान मुलीला समजवावे तशी ती म्हणाली, "तू इचारलंस, बरं हाय का. हापसा तुमीच दिला. पाव्हनी दारात येती, आपली वस्तू बरी हाय का इचारती, तिला काय नाय म्हनायचं? नाय घरच्या मानसाला म्हनावं. पाव्हन्याला म्हनू नये."

मी खाली बसले. त्या एका वाक्यात आमच्या संस्थेच्या कित्येक अहवालांचे आवाज मला फिरून ऐकू येत होते. मग मी तिला सांगितले की तिच्या 'हाव'चा परिणाम काय होणार आहे. झिरा बुजवणार आहेत.

सूप थांबले. या वेळी ते पुन्हा सुरू झाले नाही. यशी पहिल्यांदाच बोलली, सासूकडे पाहून, त्यांच्या बोलीत. विमलने दोन शब्द पकडले: ओहोळ आणि हंडा. झिरा गेला की प्यायला पाणी राहणार होते ते खालच्या घळीतल्या ओहोळाचे, आणि ती घळ आम्ही सकाळी हात टेकत चढलो होतो. पोटुशीने किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईने भरला हंडा डोक्यावर घेऊन ती चढायची होती. जिवलीबाईने सुनेच्या पोटाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मंग लिवलेलं पुसून टाक," ती म्हणाली.

पुसता येत नाही, हाच तर आमच्या धंद्याचा नियम. पाहणी सुरू झाली की मध्येच प्रश्न बदलायचा नाही, उत्तर बदलायचे तर नाहीच. नाहीतर ज्याला जे हवे ते तो लिहील. नियम चांगला आहे आणि मी तो आयुष्यभर पाळला. म्हणून नाशिकला परतल्यावर मी सरांकडे उत्तरे बदलायला मागितली नाहीत. मी पाहणीच नव्याने करायला मागितली, एका नव्या प्रश्नासह: तुमच्या घरी पाहुणा आला तर त्याला पाणी कुठलं देता?

सरांनी चष्मा काढला. "हे संशोधन आहे, बाई. पाहुणचार नव्हे."

"सर, आपल्याकडे माणूस स्वतःबद्दल विचारलं तर लाजतो आणि दुसऱ्याच्या वस्तूबद्दल विचारलं तर भीड धरतो. पाहुण्याबद्दल विचारलं तर मात्र तो अभिमानाने खरं सांगतो."

"परवा पाणीपुरवठ्याचे साहेब येणार आहेत. त्यांना हे पटवा. त्यांना पटलं तर माझी ना नाही."

परवाच्या बैठकीसाठी मी विमलला पहिल्या गाडीने पाड्यावर पाठवले. ती हापशाचे पाणी कॅनमध्ये भरून घेऊन आली. आमच्या शिपायाने त्याच पाण्याचा चहा केला. चहा कसला, शाईच ती. दूध घातल्यावर तिला गढूळ जांभळट रंग आला आणि वर तेलासारखा तवंग धरला. साहेब आले. भारदस्त, पांढराशुभ्र सफारी, कामात चोख म्हणून नावाजलेले. मी स्वतः कप पुढे केला. सरांना हा बेत ठाऊक नव्हता. त्यांनी कपात पाहिले आणि माझ्याकडे डोळे वटारले.

साहेबांनी एक घोट घेतला. त्यांच्या कपाळावरची एक शीर हलली. त्यांनी कप बशीत टेकवला, पण हातातून सोडला नाही.

"साहेब, चहा कसा झालाय?" मी विचारले.

"छान आहे," साहेब म्हणाले.

विमलच्या तोंडून जे फुटले त्याला हसणे म्हणता येणार नाही. मी म्हणाले, "साहेब, हा तुमच्या हापशाच्या पाण्याचा चहा आहे. आणि तुम्ही आमचे पाहुणे आहात, म्हणून तो छान आहे. त्या पाड्यावरही सगळे हेच म्हणाले."

मला वाटले, नोकरी गेली. साहेबांनी कपाकडे पाहिले, सरांकडे पाहिले, आणि अनपेक्षितपणे त्यांचे पोट हलू लागले. "अहो बाई," ते हसता हसता म्हणाले, "घरी असतो तर मी हा चहा मोरीत ओतला असता!" मग गंभीर होऊन म्हणाले, "पण नारूचं काय? झिऱ्यात पाय बुडाले की नारू येणारच. मी तो उघडा ठेवू शकत नाही."

"उघडा ठेवू नका. बुजवूही नका," मी म्हणाले. "झाका."

नवी पाहणी झाली. त्या एका प्रश्नाने घरोघरची तोंडे अशी खुलली, की विमलला लिहायला कागद पुरेनात. कुठल्या हापशाचे पाणी पाहुण्याच्या ओठाला लागते आणि कुठल्याचे फक्त म्हशीच्या, हे आम्हाला गावागणिक कळले. पाड्यावरच्या झिऱ्याभोवती दगडी बांधीव पेटी झाली, वर झाकण आले, आणि पाणी पेटीतून तोटीने बाहेर पडू लागले. पाण्यात पाय घालायचे कारणच उरले नाही. हापसा तिथेच राहिला, ढोरांसाठी आणि धुण्यासाठी, आणि त्या कामी खरोखरच ब्येस.

मला रुखरुख आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. हा प्रश्न सापडण्याआधी आम्ही, आणि आमच्यासारख्याच इतरांनी, किती पाड्यांवर 'समाधानी' गोळा केले असेल? त्यांतल्या कुठल्या उंबराखाली आज मुरूम आहे, ते कुणी मोजलेले नाही आणि मोजताही येणार नाही. पुढे मोठ्या संस्थांच्या पाहण्या आल्या, उत्तरे यंत्रात जाऊ लागली, आणि यंत्राला तीनच चौकटी आवडतात. माझा प्रश्न त्यांत बसत नाही म्हणून एकदा गाळला गेला. मी तो तोंडी विचारीत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात पाठपाहणीला आम्ही पुन्हा त्या पाड्यावर चढलो. उंबराखाली तोटीची धार पडत होती आणि तिचा आवाज हापशापेक्षा कितीतरी मवाळ होता. पण तोटी बसली होती फार खाली. हंडा तिच्याखाली उभा राहत नव्हता. बाया तो आडवा धरून, निम्मा भरून, मग लोट्याने वरचा भाग भरीत होत्या. यशी तिथेच होती, कडेवर गुटगुटीत मुलगी, तिच्या मुठीत आईचा पदर. (तोटी पावसाळ्याआधी वीतभर वर घेतली गेली, साहेब स्वतः येऊन उभे राहिले होते.)

जिवलीबाईच्या घरात शिरले. मी ओट्यावर टेकून तांब्याची वाट पाहिली. तांब्या आला नाही. ती चुलीपुढे नागलीची भाकरी थापत होती, पाठमोरी.

"मावशी, पाणी देता का?"

"तिथं माठ हाय, घे की. हात मोडलेत का तुजे?"

मी उठले, तांब्या शोधला. तो राखेने घासलेला नव्हता. पाणी तेच होते, दगडाचे, पानाचे, सावलीचे. विमलने पिशवीतून कागद काढला आणि तिच्या खास सरकारी आवाजात पहिला प्रश्न वाचला: पाण्याच्या या नव्या सोयीबद्दल आपण समाधानी आहात काय?

जिवलीबाईने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात तिच्यावरून फिरवला, आणि विमलकडे न बघता मान वळवून थेट माझ्या डोळ्यांत पाहत म्हणाली,

"नाय."